कडी लाव, असे मी म्हणालो होतो

तारखा आधी लिहितो, कारण माणूस साक्ष फिरवतो, तारीख फिरत नाही. जूनचा दुसरा रविवार: चेन्नईतल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतील एका बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकावरून कुत्रा आमच्या घरी आला. ऑगस्टमधला पहिला सोमवार: त्याच्या गळ्यात काटेरी साखळी पडली. गणेश चतुर्थीनंतरचा गुरुवार: सदनिकाधारकांच्या संघाची पहिली नोटीस. पोंगलनंतरचा शनिवार, सकाळचे साडेदहा: ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहितो आहे, तो प्रसंग. त्यानंतर तिसऱ्या रविवारी संघाची सर्वसाधारण सभा. आणि सभेनंतर अकराव्या दिवशी कुत्रा आमच्या घरातून गेला.

जबाबदार व्यक्ती चार. पहिले, संघाचे सचिव, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलेले तक्रारीतून वगळले. दुसरे, ते साखळीवाले गृहस्थ, ज्यांची शिफारस याच सचिवांनी केली होती. तिसरी, ती संपूर्ण सभा, जिने एकही प्रश्न न विचारता हात वर केले. चौथा मी. माझा अपराध शेवटी सांगेन, पण लपवणार नाही. नावे मात्र कोणाचीच लिहीत नाही. नाव लिहिले की माणूस बदनामीचा दावा घेऊन उभा राहतो आणि मूळ प्रश्न अडगळीत जातो. मला दावा नको आहे, उत्तर हवे आहे.

मी केंद्र सरकारच्या नोकरीत एकतीस वर्षे काढली, त्यांतली बावीस चेन्नईत. माझे काम विभागीय चौकशीचे होते. कोणावर आरोप ठेवायचा तर तो कसा लिहावा, साक्षीदाराला काय विचारावे, त्याच्या जबाबातला कुठला शब्द गाळला तर जबाबाचा अर्थ उलटतो, हे मी पोटापाण्यासाठी शिकलो. निवृत्तीनंतर बदलीचा प्रश्न उरला नाही आणि साताऱ्याकडे परत जावे असे तिथे कोणी उरले नव्हते. म्हणून इथेच तळमजल्यावरची सदनिका घेतली. पुढे छोटा व्हरांडा, व्हरांड्याला लोखंडी जाळीचे दार, दाराला कडी. ही कडी वाचकांनी लक्षात ठेवावी.

कुत्रा त्या कारखान्याच्या रखवालदाराचा होता. कारखान्याला टाळे लागले तेव्हा रखवालदार आपल्या गावी गेला आणि कुत्रा फाटकाशी बसून राहिला. माझी पत्नी सकाळी त्या रस्त्याने फिरायला जात असे. ती रोज त्याला भाकरीचा तुकडा टाकत होती, आणि एका रविवारी तो तिच्या मागोमाग चालत घरी आला. तपकिरी रंगाचा, उभ्या कानांचा, दोन-तीन वर्षांचा. घरात तो मांजरापेक्षाही शांत होता. पाण्याच्या भांड्याजवळ जायचे तर आधी आमच्या तोंडाकडे पाहून परवानगी मागायचा.

अडचण घराबाहेर होती. त्याला हेल्मेट सहन होत नसे. डोक्यावर हेल्मेट असलेला माणूस दिसला की त्याचे शरीर ताठ व्हायचे, तोंड मिटायचे, शेपूट काठीसारखी उभी राहायची, आणि मग तो पट्ट्याच्या टोकापर्यंत झेप घेऊन असा भुंकायचा की रस्त्यावरची माणसे भिंतीला चिकटायची. त्या बंद फाटकाशी कोणा हेल्मेटवाल्याने त्याला काय केले होते, ते मला कधीच कळले नाही. ते वर्ष शहरात हेल्मेट सक्तीचे झाल्याचे. आदल्या वर्षापर्यंत शंभरात पाच डोकी झाकलेली असत, आता पाच उघडी. आणि ही सक्ती व्हावी म्हणून वर्तमानपत्रांना सर्वांत जास्त पत्रे ज्यांनी लिहिली, त्यांत मी होतो. पत्नीने हे मला त्या वर्षात किमान चाळीस वेळा ऐकवले.

अंगावर धावून जाणारा कुत्रा आणि चावणारा कुत्रा यांत फरक आहे. हा फरक कायद्याला कळतो, पशुवैद्याला कळतो, संघाच्या सचिवांना कळत नाही. आमच्या कुत्र्याने आजपर्यंत कोणालाही दात लावलेला नाही. तो भीतीने भुंकत होता. भीती हा गुन्हा असता तर त्या इमारतीतले निम्मे सदनिकाधारक तुरुंगात असते.

सचिवांनी ऑगस्टमध्ये अत्यंत सौजन्याने एका गृहस्थांचा फोन नंबर दिला. हे गृहस्थ कुठल्याशा पहारा देणाऱ्या संस्थेसाठी कुत्री तयार करत, असे सांगण्यात आले. त्यांनी आतून काटे असलेली साखळी कुत्र्याच्या गळ्यात अडकवली आणि मला सांगितले, “हेल्मेट दिसलं की झटका द्या, सार. दहा झटक्यांत विसरेल.” मी सहा आठवडे झटके दिले. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण ते कागदावर असले पाहिजे. कुत्रा हेल्मेट विसरला नाही. हेल्मेट दिसले की गळा टोचतो, एवढे तो नव्याने शिकला. आधी तो वीस पावलांवरून भुंकत होता, आता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला स्कूटरचा आवाज आला तरी थरथरू लागला. गणेश चतुर्थीनंतरच्या गुरुवारी नोटीस आली: ‘आपल्या ताब्यातील हिंस्र प्राणी.’ ज्यांनी साखळीवाला सुचवला, त्यांचीच खाली सही होती.

मी त्या नोटिशीला पाच पानी उत्तर लिहीत बसलो असताना पत्नी म्हणाली, “अहो, ते पत्र राहू द्या. त्याच्या मानेवर काय झालंय ते आधी बघा.” केसांखाली मान सोलवटली होती. मी साखळी काढली आणि कचऱ्यात टाकली. पत्र मात्र पुरे केले.

पशुवैद्याने आम्हाला एका बाईंकडे पाठवले. त्या शहराच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या कोवलमला राहत, कोळ्यांच्या वस्तीला लागून. घराभोवती मोठे कुंपण आणि आत पाच-सहा कुत्री. वय पन्नाशीचे. मी इंग्रजीत बोलू लागलो तसे त्यांनी माझ्या उच्चारांवरून ओळखले आणि मराठीत विचारले, “मामा, तुम्ही आमचे लोक नव्हे का?” त्या तंजावरकडच्या मराठी कुटुंबातल्या होत्या, पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेल्या. त्यांचे मराठी ऐकताना जुनी बखर कोणी तमिळ चालीवर वाचते आहे असे वाटे. त्यांनी कुत्र्याकडे पाहिले, मग बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिले.

“पट्टा एवढा आवळून काशाला धरलांत? त्यानं अजून काही केलेलं नाही.”

“करेल म्हणून.”

“तेच तुम्ही त्याला सांगतांत. हा पट्टा नव्हे, मामा, विजेची तार आहे. तुम्ही वर तापलांत की तो खाली तापतो.”

मला हे मुळीच आवडले नाही. कुत्र्याची तक्रार घेऊन गेलो होतो आणि आरोपपत्र मलाच मिळाले.

पण त्यांची रीत मी पाळली, आणि ती इथे नीट नोंदवतो, कारण सभेत ती कोणी ऐकून घेतली नाही. कुत्र्याला हेल्मेट जितक्या अंतरावरून दिसते पण सहन होते, ते अंतर आधी शोधायचे. आमचे अंतर साठ पावले निघाले. त्या अंतरावर उभे राहायचे. हेल्मेटवाला माणूस दिसला आणि कुत्र्याने नुसते पाहिले, की भुंकण्यापूर्वीच त्याची पाठ थोपटायची, कौतुकाचा शब्द बोलायचा आणि एक चविष्ट तुकडा द्यायचा. पुन्हा पाहिले, पुन्हा तुकडा. हळूहळू त्याच्या डोक्यात हेल्मेट म्हणजे टोचणी हे समीकरण पुसले जाते आणि हेल्मेट म्हणजे खाऊ हे नवे समीकरण लिहिले जाते. मग तो हेल्मेट दिसताच आपण होऊन मालकाकडे वळून पाहतो. तसे पाहू लागला की अंतर पाच पावलांनी कमी करायचे. चुकला तर दहा पावले मागे. रागवायचे नाही. झटका तर नाहीच.

तुकडा कोवलमच्या सुक्या मासळीचा. आमच्या घरात अंडेदेखील शिजलेले नव्हते. पत्नीने नाकाला पदर लावून ती मासळी कात्रीने कापली आणि माझ्या चष्म्याच्या जुन्या डबीत भरून दिली. पुढे कित्येक महिने बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहत असे.

सरावाला जागा गिंडीचीच निवडली. रविवारी कारखाने बंद, रस्ते लांब आणि सरळ, अधूनमधून एखादी स्कूटर. पहिले तीन आठवडे एक विचित्र अडथळा आला. कुत्रा हेल्मेटकडे पाहून शांत बसे, मी आनंदाने म्हणे, “वा! वा!” आणि तो ताडकन उठून माझ्या पायांत येई. बसणे मोडे. मी पुन्हा बसवी, तो बसे, मी म्हणे “वा”, तो उठे. बाई त्या रविवारी मुद्दाम पाहायला आल्या होत्या. त्या फुटपाथवर बसून हसू लागल्या.

“मामा, तुम्ही त्याला ये म्हणताय, म्हणोन तो येतोय. चूक कोणाची?”

तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ‘ये’. बावीस वर्षांत हा शब्द मी दिवसातून शंभर वेळा ऐकला होता. पण ठाऊक असणे वेगळे आणि त्या क्षणी आठवणे वेगळे. कौतुक करताना माणूस आईच्या भाषेत करतो. तेव्हापासून मी ‘शाबास’ म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी कुत्रा बसल्या जागी बसून राहिला, आणि मला असा आनंद झाला की घरी येऊन मी संघाला पत्र लिहिले.

हे पत्र म्हणजे माझ्या अपराधाचा पहिला भाग. प्रगतीचा अहवाल म्हणून चार पाने लिहिली. साठ पावलांवरून पंचवीस पावलांवर आलो, हे लिहिले. सातव्या परिच्छेदात ‘वा’ची हकीकत सांगून, कोणी विचारले नसताना, असे वाक्य घातले: ‘कुत्र्यास तमिळ भाषा उत्तम अवगत असून मराठी तो आता शिकत आहे.’ मला ते वाक्य फार आवडले होते. चौकशी खात्यात मी कित्येकांना बजावले होते की विचारल्यापेक्षा एक शब्दही अधिक सांगू नका.

पत्राला उत्तर आले नाही. सराव चालू राहिला. आणखी एक गोष्ट घडली, जी मी कोणाला सांगितली नव्हती. सचिवांना लिहायचे पत्र मनात घोळवत मी फिरायला निघालो की कुत्रा पंचवीस पावलांवरूनही भुंके. पत्र लिहून टपालात टाकून निघालो की दहा पावलांवर शांत राही. म्हणून मी नियम केला: आधी फेरी, मग पत्र. माझ्या हाताची मूठ सैल राहू लागली. रक्तदाब उतरलेला पाहून डॉक्टरांनी विचारले की काय करता. मी सांगितले की कुत्र्याला शिकवतो. डिसेंबरअखेर अंतर चार पावले झाले होते. हेल्मेटवाला बाजूने जाई, कुत्रा एकदा त्याच्याकडे पाही, मग मान वळवून माझ्या खिशातल्या चष्म्याच्या डबीकडे.

आता पोंगलनंतरचा शनिवार.

सकाळची फेरी संपवून आम्ही परतलो होतो. मी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून कुत्र्याचा पट्टा नुकताच सोडला होता. पत्नी कुंड्यांना पाणी घालून आत आली होती आणि जाळीचे दार नुसते लोटलेले होते. तेवढ्यात सचिवांनी आपली स्कूटर आमच्या दारासमोर लावली आणि डोक्यावरचे हेल्मेट न काढता, हाक न मारता, घंटी न वाजवता, फाइल काखेत धरून ते थेट जाळीपाशी आले आणि दार ओढू लागले. पट्टा नसलेला कुत्रा आणि हेल्मेट घातलेला माणूस यांच्यामध्ये आता काहीच राहणार नव्हते. पत्नी दाराच्या सर्वांत जवळ होती. मी ओरडलो, “कडी! अगं कडी! कडी लाव!”

तीन वेळा. मी कधीच नाकारले नाही.

पत्नी पोहोचण्याआधीच दार उघडले होते. कुत्रा दोन पावले पुढे गेला. ताठ झाला. एकदा भुंकला. मग त्याने मान वळवली, माझ्याकडे पाहिले, आणि बसला. चार महिन्यांचे श्रम त्या एका बसण्यात होते. समोर उघडे दार, हातभर अंतरावर हेल्मेट, गळ्यात काही नाही, आणि तो बसला. माझ्या तोंडून “शाबास” निघाले आणि हात खिशातल्या डबीकडे गेला. सचिव एव्हाना मागे सरकले होते. मागे सरकताना त्यांचा पाय त्यांच्याच स्कूटरच्या स्टँडला अडकला, ते पडले आणि कोपर खरचटले. त्यांनी बसल्या बसल्या हेल्मेट काढले, आणि बसलेल्या कुत्र्याकडे पाहिले. मी पाहिले की त्यांनी पाहिले. मग ते म्हणाले, “सार, तुम्ही त्याला चाव म्हणालात?”

मी हसलो. सुटकेचे हसू होते ते. पुढे तक्रारीत तेही आले: ‘मालक हसला.’

तमिळमध्ये ‘कडी’ म्हणजे ‘चाव’. आज्ञार्थ. हेही मला ठाऊक होते. पण घाबरलेला माणूस शब्दकोश चाळत नाही. साताऱ्याच्या घरात संध्याकाळी आई जे म्हणायची, तेच माझ्या तोंडून आले. दाराला कडी असते, कडीला कोयंडा असतो, आणि धोका दिसला की कडी लावतात. माझ्या भाषेत त्या शब्दाइतका निरुपद्रवी शब्द नसेल.

तक्रार तीन परिच्छेदांची होती. मालकाने ‘कडी’ अशी आज्ञा तीनदा दिली. कुत्र्याला तमिळ उत्तम अवगत असल्याचे मालकाने स्वतः लेखी कळवले आहे, पत्राचा सातवा परिच्छेद सोबत जोडला आहे. तक्रारदार जखमी झाला. पडला की चावला गेला, याचा उल्लेख नाही. कुत्रा बसला, याचा उल्लेख नाही. मी एकतीस वर्षे असे कागद तपासले आहेत. खोटे बोलणारा माणूस भित्रा असतो, त्याला पकडता येते. खरे बोलून मधले एक वाक्य गाळणारा माणूस हा खरा कसलेला.

सभा खाली वाहने लावायच्या जागेत भरली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. मी लेखी निवेदन आणले होते. सचिवांनी ते वाचायला वेळ नसल्याचे सांगितले. मी उभा राहून तमिळमध्ये बोलू लागलो. माझे तमिळ भाजीबाजारापुरते ठीक आहे, युक्तिवादाला तोकडे पडते. सचिव म्हणाले, “सार, तुमचा कुत्रा तमिळ शिकला. तुम्ही कधी शिकणार?”

सगळे हसले. मी इंग्रजीकडे वळलो आणि सांगितले की मराठीत या शब्दाचा अर्थ दाराचा अडसर असा आहे. सचिवांनी विचारले, साक्षीदार कोण. पत्नी उभी राहिली, तर म्हणाले की मामी घरच्या आहेत. मी मराठी शब्दकोश पुढे केला. त्यांनी तो चाळला, उलटा धरून पाहिला आणि परत दिला. देवनागरी वाचता येणारे तिथे आम्ही तिघे होतो, मी, पत्नी, आणि तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा एक मराठी तरुण, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. त्याचा जन्म बंगळूरचा, शिक्षण इंग्रजीत. मी त्याला विचारले की बाबा रे, कडी म्हणजे काय ते सांग या लोकांना. तो मनापासून मदतीला उभा राहिला. म्हणाला, “हो, हो, कडी मराठीत आहे. माझी आजी करायची. ताकाची असते, भातावर घेतात.”

सभा पाच मिनिटे हसत होती. कोणीतरी मागून म्हणाले, “म्हणजे सार साडेदहालाच जेवायला मागत होते.” तो मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. त्याला कढी आणि कडी यांतला फरक माहीत नव्हता, आणि तो त्याचा दोष नव्हता.

यावर कडी म्हणजे माझा शेवटचा साक्षीदार. कोवलमच्या बाई कामधाम सोडून आल्या होत्या. त्यांनी शुद्ध तमिळमध्ये कुत्र्याच्या प्रगतीबद्दल सांगितले, सगळ्यांनी शांतपणे ऐकले. मग सचिवांनी विचारले, “अम्मा, तुमची घरची भाषा मराठी. दाराच्या त्या वस्तूला तुम्ही घरात काय म्हणता?”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मला कळले की त्या आता काय सांगणार आहेत, आणि त्या खोटे बोलणार नाहीत.

“आमच्या घरी ताळपाळ म्हणतो,” त्या म्हणाल्या. तो तमिळ शब्द आहे. “मामा म्हणतात तो शब्द आमच्याकडे राहिला नाही. पण कुत्रा बसला की नाही, ते का विचारत नाही तुम्ही?”

हाच प्रश्न मी लेखी निवेदनात पहिल्या क्रमांकावर घातला होता, आणि मी त्यापुढचा युक्तिवादही मांडला. कुत्र्याला तमिळ येत नसेल, तर माझ्या शब्दाचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही आणि तक्रार निराधार आहे. कुत्र्याला तमिळ येत असेल, तर त्याने आपल्या मालकाच्या तोंडून ‘चाव’ अशी आज्ञा तीनदा स्पष्ट ऐकली, समोर त्याला जगात सर्वांत भयंकर वाटणारी वस्तू होती, दार उघडे होते, आणि तरीही तो बसला. मग त्याच्याहून सुरक्षित प्राणी या इमारतीत नाही, माणसे धरून. दोन्हींपैकी कुठलीही बाजू घ्या, निकाल एकच येतो. एकतीस वर्षांत मी इतका निर्दोष युक्तिवाद केला नव्हता. सचिव म्हणाले, आता मतदान घेऊ. हात वर झाले. कुत्रा पंधरा दिवसांत हलवावा. इतिवृत्तात नोंद: ‘चावण्याची आज्ञा दिल्याचे सिद्ध.’

संघाला असा ठराव करण्याचा अधिकार नाही. कोणी कुत्रा पाळावा की नाही, हे सभेचे हात ठरवू शकत नाहीत. न्यायालयात हा ठराव एका सुनावणीतही टिकला नसता, असे दोन वकिलांनी मला सांगितले आणि मी त्यांच्याआधी स्वतःला सांगितले होते. मी दाव्याचा मसुदा तयार केला. पण त्याच आठवड्यात येणारे जाणारे आमच्या जाळीवर हेल्मेट आपटू लागले. कोणी गंमत म्हणून, कोणी परीक्षा म्हणून. “बघू या, आज ऑर्डर देतात का,” असे म्हणत. कुत्रा पहिल्या दिवशी बसला. दुसऱ्या दिवशी बसला, पण थरथरत. चौथ्या दिवशी भुंकला. आठव्या दिवशी स्कूटरचा आवाज येताच तो पलंगाखाली शिरला आणि त्याला तिथेच लघवी झाली.

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “दावा किती दिवस चालेल, मामा?” मी म्हणालो, वर्ष, दीड वर्ष. “तुम्ही जिंकाल. तोवर हा साठ पावलांच्याही मागे जाईल. मग पुन्हा आणता येईल की नाही, मी सांगू शकत नाही.”

मी दाव्याचा मसुदा दोन दिवस टेबलावर ठेवला. तिसऱ्या दिवशी रिक्षा बोलावली. कोवलमच्या कुंपणाशी कुत्रा आत गेला, वळला, आणि आम्ही निघालो तरी बसून राहिला, कारण तसेच त्याला शिकवले होते. मी ‘वा’ म्हटले असते तर तो आला असता. माझ्या अपराधाचा दुसरा भाग हा की ज्या लढाईत कायदा पूर्णपणे माझ्या बाजूने होता, ती मी सोडली. आणि जो प्राणी माझ्या ताब्यात होता, त्याला त्याचा निकाल मिळू दिला नाही.

या गोष्टीला आता अडीच वर्षे झाली. दर रविवारी आम्ही दोघे बसने कोवलमला जातो, चष्म्याची डबी घेऊन. कुत्रा होड्यांमधून मोकळा हिंडतो. मासळीचे व्यापारी मोटारसायकलवरून हेल्मेट घालून येतात, तो त्यांच्या शेजारून जातो आणि वर पाहतही नाही. बाई म्हणतात की त्यांच्याकडच्या नव्या, घाबरट कुत्र्यांना त्या याच्याच सोबतीने शिकवतात. तोंडावरचे केस पांढरे होऊ लागले आहेत. संध्याकाळच्या बसने आम्ही परत येतो, पत्नी जाळीचे दार ओढते, आणि मी म्हणतो, “बोल्ट लाव.” त्या दिवसानंतर आमच्या घरात ‘कडी’ हा शब्द कोणी उच्चारलेला नाही. ठरवून नाही, आपोआप. परवा लक्षात आले तेव्हा बाईंच्या ताळपाळाची आठवण झाली. शब्द घरातून असेच जात असणार, कुठल्या तरी सभेनंतर.

त्या सभेपासून मी संघाला एकोणीस पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर नाही. सचिव आता अध्यक्ष झाले आहेत. म्हणून ही विनंती नव्हे, मागणी आहे, आणि ती त्यांना उद्देशून आहे. मी तीन वेळा तो शब्द उच्चारला, हे मला मान्य आहे. तुम्ही पडलात, हे मान्य आहे. मी हसलो, हेही मान्य आहे. तुम्ही जमिनीवर बसून हेल्मेट काढले आणि समोर पाहिले, तेव्हा कुत्रा काय करत होता? उत्तर एका शब्दाचे आहे. ते मला खासगीत, जिन्यात, कानात सांगू नका. ज्या फलकावर तुम्ही ठराव लावला होता, त्याच फलकावर, तमिळमध्ये, तुमच्या सहीनिशी लावा.